गाठीची दोरी

मंगळवार, दिवेलागण. मुकुटबन

जाऊबाई आल्या नि माह्या लेकीची परीक्षाच घेतली. "तू घरीच शिकवते ना, पाहू दे काय येते हिले." पट्टी दिली, टेबल मोज म्हणे.

चिमीनं आधी खुंटीवरची दोरी काढली. सरकी टोबायची, म्हंजे कपाशीचं बी सारख्या अंतरावर मातीत खोचायची सुती दोरी, फुटाफुटावर मी गाठी मारलेली. तिच्यावरच तर मोजणं शिकवलं तिले. दोरीनं टेबल चार फूट भरलं. पट्टीनं चार इंच कमी.

"पट्टीच चुकली," चिमी म्हणे. "गाठी आईनं मारल्या."

जाऊबाई हसल्या. मले तवाच समजलं, टोबणीत भिजून दोरी आखडली. मग बोलली काहून नाही मी? त्यांच्यासमोर मान खाली घालायची नव्हती, एवढंच. "जुनी असंन पट्टी," म्हणून गेली मी.

याच दोरीनं पोरीनं आंगण मोजलं, गोठा मोजला, सोताची उंची मोजली. उद्या सांगतो तिले. पण काय सांगू? दोरी आखडली हे सांगता येते. मी खोटं बोलली, ते?

आत्ता पट्टी उचलली तं तिच्यावर पेनानं लिहून ठेवलं पोरीनं, 'खोटी'. अक्षर मोठं सुरेख आहे. तेही मीच शिकवलं.