खुंट्या डोंगर चढतात

१४ जुलै
आले एकदाची! इंदिरानगरच्या फ्लॅटमधून थेट सुरगाण्याच्या डोंगरात. दरड कोसळेल का ते मोजायचं आणि पाडा हलवायचा की नाही ते मी सांगायचं. पाड्याच्या कडेची एक सरकारी खोली मला मिळालीय. शेजारच्या भागीबाईंनी नागलीची भाकरी आणली, वर माझ्या काडीसारख्या हातांवर टोमणाही मारला. आवडल्या मला.

१५ जुलै
पाड्यातल्या नवनाथला मदतीला घेऊन वरच्या उतारावर लोखंडी खुंट्या ठोकल्या, बुडाशी सिमेंट ओतलं. रोज मोजणीच्या दुर्बिणीतून त्यांचं अंतर घ्यायचं. खुंटी खाली सरकली की डोंगर सुटला समजायचं. दुर्बीण खरं तर ओढ्यापलीकडच्या कातळावर हवी, पण या पावसात रोज ओढा कोण ओलांडणार? खोलीच्या ओट्यावरच मांडली, चहाही हाताशी. डोंगरदेवाला न विचारता त्याच्या अंगात लोखंड मारू नये, असं नवनाथ कुरकुरला. मला हसू आलं.

१८ जुलै
खुंट्या सरकल्यात. पण वर! अंतर वाढलंय. माती कधी डोंगर चढते का? कुणीतरी उपटून वर रोवतंय. नवनाथ नजर चुकवतो.

२० जुलै
आणखी वर. संतापले. सगळ्या पाड्याला झापलं, नवनाथला तर कामावरून हाकललंच. भागीबाई हात जोडून म्हणाल्या, "ताई, देवाच्यान आमी हात नाय लावला. तुमी म्हना, आत्ता पोरंढोरं घेऊन शाळेत जातो." म्हटलं, काही गरज नाही. तालुक्यालाही तसंच कळवलं: उतार पक्का आहे, हा लोकांचा खोडसाळपणा.

२२ जुलै
दार लागत नाही. पावसानं फुगलं असेल. फरशीखाली जातं फिरल्यासारखी घरघर. शेजारी विचारलं तर म्हणे आम्हाला नाही ऐकू येत. सगळे मिळून मला घाबरवताहेत. आणि मी घाबरलेय.

२३ जुलै
चोर शोधायला वर गेले. सिमेंट जसंच्या तसं. भोवतालचं गवतही मोडलेलं नाही. कुणी हातच लावलेला नाही, मग लांब कशा—
येताना पाय अडकला. गवतात भेग. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुंट्या तिच्या वर, पाडा खाली.
खुंट्या हलल्याच नाहीत. ओटा हलतोय. दुर्बीण, मी, सगळा पाडा.

तालुक्याला फोन करायला खोलीत धावले. आधी भागीबाईंना हाक मारायला हवी होती— रेंज नाही. न लागणारं दार मागे घट्ट बसलं, चौकट वाकलीय. उघडत नाही.

खिडकीतून ओरडतेय. पत्र्यांवर पाऊस, काही ऐकू जात नाही. भागीबाई ओटीवर बसल्यात, मला हात करताहेत. हसताहेत. मीच सांगितलं ना, काही होणार नाही—

घरघर थांबली.

मोठ्या अक्षरांत लिहून गजांतून दाखवते. त्यांना वाचता येत नाही. नवनाथला येतं, पण त्याला मीच—

पळा

पळा

प—