यानाचं तोंड देवळाकडे

शनिवार, चोपडे

शेवटी यान फिरवलं. मुलांच्या नाटकातलं, देवळासमोरच्या रंगमंचावरचं. आठवडाभर माझा एकच हट्ट होता. चालककक्षाची खिडकी मागच्या पडद्यावर, मधोमध कप्तानाची खुर्ची, पुढे दोन चालक, डावीकडे संदेश घेणारी, आणि सगळ्यांची तोंडं ताऱ्यांकडे. खिडकीकडे पाठ करून कोणी यान चालवतं का?

आज तालमीला देवस्थान समितीचे बाबलोकाका आले. "देवाक पाठ करून बसतत? असा नाटक जावचा ना." मी वाद घातला. घरातली पहिली पदवीधर ना मी! पण नाटकच बंद झालं तर पोरांनी काय करायचं? खुर्च्या फिरवल्या. ते तारे मी रात्री जागून रंगवले, आता यानातल्या कोणालाच दिसणार नाहीत.

चालक झालेली सानवी म्हणाली, "टीचर, मग आमी बघूचा काय?"

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. समोर काळोखा सभामंडप, आत गाभाऱ्यात समई. तिनं तिकडे बोट दाखवलं, "थंय जावया?"

ते तारे... जाऊ दे. दमले.

आई तालीम बघायला देवळाच्या पायरीवर येऊन बसली होती. माझ्या मनासारखं झालं असतं, तर तिला पोरांच्या नुसत्या पाठी दिसल्या असत्या.