अकरा पानी योजना आणि चार डोकी

तीर्थस्वरूप दादांना तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, कारण पुढचं वाचल्यावर उभ्याने केलेला तुम्हाला पुरणार नाही.) तुमची पाठ आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावं. इकडे सगळं क्षेम आहे. तुमचे बाबा ठणठणीत आहेत, जेवले आहेत आणि या क्षणी माझ्यासमोर बसून एका कवळीची दाढ घासत आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

झालं असं, की आमच्या व्यापारी मंडळाने प्रत्येक छोट्या दुकानदाराला संकटकाळाची योजना लिहून भिंतीवर लावायला सांगितली. एक पान पुरे होतं, मी अकरा लिहिली. आग, पूर, भूकंप, मधमाश्या, काहीही सोडलं नाही. तुमच्या बहिणीचं म्हणणं, की आपलं कवळ्यांचं दुकान दोन खोल्यांचं, त्यात हे वाचून होईपर्यंत मधमाश्या कंटाळून निघून जातील. मी लक्ष दिलं नाही. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपलं काम उरकून समोरच्या दिव्याच्या खांबाखाली जमायचं. तिने गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे उचलायचे, आमच्या तुफानने (पॉलिश करणारा, इतका संथ की हे नाव पडलं) तयार कवळ्यांचा ट्रे, बाबांनी विजेचं मुख्य बटण बंद करायचं आणि मी डोकी मोजायची. एकूण चार.

मंगळवारी सकाळी अकराला मी स्टुलावर चढून ही योजना भिंतीला चिकटवत होतो. चौथ्या पानाशी (विषय : आग) वास आला. शेगडीवर मेण वितळायला ठेवलं होतं ते विसरलोच होतो. कोणी ठेवलं होतं, या तपशिलात आपण नको शिरायला. खोली धुराने भरली, मी शिट्टी फुंकली आणि सगळे इतके शिस्तीत बाहेर पडले की माझी छाती फुगली. खांबाखाली घड्याळात बघत डोकी मोजली. मी धरून चार. वेळ दोन मिनिटांच्या आत.

चौथं डोकं जरा जास्तच हातवारे करत होतं. ते एक मास्तर होते, जबड्याचं माप द्यायला आलेले. गळ्यात आमचाच पांढरा एप्रन आणि तोंडात मापाचा लगदा, त्यामुळे त्यांना बोलता येईना. ते दुकानाकडे बोट दाखवून नुसते हुंकारत होते आणि मी त्यांना रांगेत उभं राहायला सांगत होतो. तेवढ्यात तुमच्या बहिणीने विचारलं, "बाबा कुठायत?" मी सांगितलं की मोजणी बरोबर आहे. तिने साचे रस्त्यावर टाकले आणि आत धावली.

दादा, तिच्यामागे धावताना त्या दहा पावलांत माझं काय झालं ते लिहिता येत नाही. मशीन चालू असलं की बाबा श्रवणयंत्र काढून ठेवतात, हे मला रोज दिसतं. अकरा पानांत ते कुठेच नव्हतं.

आत बाबांनी मेणावर झाकण ठेवलं होतं, गॅस बंद केला होता, मागची खिडकी उघडली होती. ऐकू येत नसलं तरी नाक शाबूत आहे. मुख्य बटणही बंद करून ते भिंतीपाशी चष्मा लावून माझी योजना वाचत होते, पुढे काय करायचं ते बघायला. मला पाहून म्हणाले, "मला बाहेर काढायचं काम कोणाकडे दिलंयस?"

मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. तुमची बहीण त्यांच्या गळ्यात पडली. माझ्याशी ती बुधवारी बोलली.

आता भिंतीवर एकच पान आहे, तिच्या हातचं. पहिली ओळ : बाबांचा हात धरणे. माझं नाव लिहिलंय. मास्तरांचं माप पुन्हा घेतलं, ते आले हेच आमचं भाग्य. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. मुद्द्याची गोष्ट ही, की बाबांना आता आमच्याकडे पाठवा असं तुम्ही गेल्या महिन्यात म्हणालात. हे वाचून लगेच न्यायला येऊ नका. या दुकानात डोकं ठिकाणावर असलेला माणूस तो एकच आहे.

ता. क. २ बाबांनी पत्र वाचलं. त्यांनी विचारलं, की तुमच्या रंगाच्या दुकानासाठी मी जी योजना लिहून पाठवली, तिच्यात दुपारी मागच्या खोलीत झोपणाऱ्या तुमच्या आत्यांना कोण उठवणार. मी माझी प्रत काढून पाहिली. रंगाचे डबे आहेत, ब्रश आहेत, पाटीसुद्धा आहे. आत्या नाहीत. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून बाबांनी आत्ताच तुम्हाला फोन लावलाय. श्रवणयंत्र लावायचंही भान नाही. तुम्ही हो म्हणालात तरी त्यांना कळत नाहीये, ते आपलं एकच सांगतायत, "आधी आत्या. आधी आत्या."