प्रकटनाचं खरं वाक्य

ती. ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण माझी खुर्ची आणि मागचं कपाट यांच्यात तेवढी जागा नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून पाहुणचार घेतोय? मी मजेत आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि उरलेल्या वेळात शब्दकोश कार्यालयात बसून खिडकीबाहेर बघतो.

पत्रास कारण की, गेल्या पंधरवड्यात माझ्या वाट्याला 'प्रकटन' हा शब्द आला. मोठ्या कचेऱ्यांत ज्याला डिस्क्लोजर म्हणतात, तोच. वाटलं, दोन तासांचं काम. पण हा शब्द दिसतो तेवढा गरीब नाही. आपलं गुपित दुसऱ्याने सांगितलं तर ती चहाडी. दरडावून काढून घेतलं तर कबुली. वर्तमानपत्राने छापलं तर गौप्यस्फोट. आणि कोणी न विचारता, शुद्धीवर असताना, ज्याला कळायला हवं त्यालाच आपण होऊन सांगितलं, तर प्रकटन. अर्थ बसला, घोडं अडलं ते उपयोगाच्या वाक्यापाशी. आमच्या मुख्य संपादकांचा (त्यांना आम्ही पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो) नियम असा, की उदाहरणाचं वाक्य बनवलेलं नको, कोणीतरी खरोखर बोललेलं हवं.

म्हटलं, आपणच बोलून बघावं. सुरुवात न्हाव्यापासून केली. त्याला सांगितलं, की गेली अकरा वर्षं तू कापतोस ते केस मला आवडत नाहीत. त्याने कात्री थांबवली (ती माझ्या कानापाशी होती) आणि शांतपणे म्हणाला, "मलापण तुमचं डोकं आवडत नाही. मी कधी बोललो का?" एका बाजूचे केस तसेच घेऊन घरी आलो. मग पूर्णविरामांना सांगितलं, की दुपारी दोन ते तीन मी कामात नसतो. ऊन टेबलावरच्या शब्दांच्या कार्डांवरून सरकायला लागलं की त्याच्याबरोबर मीही कुठेतरी जातो. ते म्हणाले, "माहीत आहे. तुम्ही घोरता." विषय संपला.

त्याच दुपारी समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. वारा आला की फुगायच्या, गेला की हळूच खाली बसायच्या, आणि माझे डोळेही त्यांच्याबरोबर उघडत-मिटत होते. शेजारच्या टेबलाशी बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. (बाई म्हणजे आमच्या तपासनीस. इथला कोणताही कागद त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही.) तो बारीक करकर आवाज ऐकता ऐकता खोली, कपाटं, सगळा शब्दकोश पाण्यावर तरंगतोय असं वाटायला लागलं. हात आपोआप चालला. भानावर आलो तेव्हा कार्ड बाईंच्या ट्रेमध्ये पोचलं होतं. त्यावर मी लिहिलं होतं : "तुम्ही पेन्सिलीला टोक करता तो आवाज ऐकायला मी रोज लवकर येतो." संध्याकाळी ते लाल शेऱ्यासह परत आलं : "वाक्य नैसर्गिक. कोण कोणाला म्हणाले, ते कळत नाही. पुन्हा लिहावे."

ताई, मला बाई आवडतात. झालं, लिहिलं एकदाचं. सहा वर्षं आवडतात. (तुला बोललो नाही, कारण तुला सांगणं म्हणजे भाऊजींना सांगणं, आणि भाऊजींना सांगणं म्हणजे दवंडी.) आता त्यांना दुसऱ्या शहरात मोठी नोकरी मिळाली आहे आणि महिनाअखेरीस त्या जाणार, असं सगळे म्हणतात. नऊ दिवस उरले. मी रोज कार्डावर ते वाक्य लिहितो आणि खोडतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी शब्दाचा अर्थ तोंडपाठ असून उपयोग जमत नाही, याला काय म्हणावं!

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं सांगायचं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं : रविवारी इकडे ये. बाईंना चहाला बोलावतो. मी कपबशा आणतो, बोलायचं तेवढं तू बोल. माझ्याच्यानं होणार नाही.

ता. क. २ – पुन्हा वाचलं तर फाडून टाकीन, म्हणून आत्ताच टपालाच्या ट्रेमध्ये ठेवतो. दोन वाजले आहेत, डोळ्यांवर झापड आली आहे.

ता. क. ३ (लाल पेन्सिलीने, दुसऱ्या हस्ताक्षरात) – ताईंना नमस्कार. टपालाचा ट्रे डावीकडचा. हे पत्र उजवीकडे, माझ्या ट्रेमध्ये आले. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, दुरुस्त केल्या आहेत. खरे तर दुसऱ्या ओळीलाच थांबायला हवे होते. थांबले नाही, आणि हे आपण होऊन सांगते आहे. रविवारी अवश्य या, पण बोलू नका. ज्याचे वाक्य त्यानेच म्हणावे. त्या नोकरीला मी गेल्या मंगळवारीच नकार कळवला. इथे अजून कोणाला ठाऊक नाही. भावाला तुम्ही सांगू नका. मी सांगेन.