उद्याचा सामना

रविवार, दिवेलागण

उद्या नातीच्या बास्केटबॉल संघाचा शेवटचा साखळी सामना. जिंकल्या तर बाद फेरी, मग पोरीची सगळी सुट्टी तिकडे पुण्यातच. हरल्या तर ती रात्रीच गाडीत बसून इकडे करडीला. मागचे दोन सामने हरलेला संघ, जिंकायची आशा ती कितीशी! म्हणून का मी आज बाजारातून तिच्यासाठी शिंगाडे आणले?

आत्ता तिचा फोन आला. "आबाजी, जिंकू ना आमी?"

"जिंकसान बाई, काहून नाही!"

"मंग मी येत नाही बरं. रडू नोका."

"मी कायले रडू?"

शिंगाड्यांचं बोललो नाही. उगाच तिचं मन इकडे ओढलं असतं. फोन ठेवला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, "जिंका, पोरींनो." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज जरा बरा निघाला.