विंगेत उभी क्लॅरा

कॉव्हेंट्री
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. चैत्राली हिस सीमावहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी जावा एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. सासूबाई होत्या तोवर त्यांना दर महिन्याला लिहायचे, तो हात अजून गेलेला नाही. घसा आता बरा आहे.

नाटक बसवणाऱ्या निधीचा निरोप मिळाला. मार्चमध्ये मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझी ‘क्लॅरा’ तू करणार आहेस. अभिनंदन. हा शब्द मी दोनदा लिहून खोडला आणि तिसऱ्यांदा कागद बदलला, एवढं तुला कळलेलं बरं.

चर्चच्या जम्बल सेलमध्ये, जुन्या वस्तूंच्या ढिगात, ती कात्रणवही मला मिळाली, त्याला चार वर्षं झाली. क्लॅरा विनफिल्ड ही कोण अमेरिकन नटी, सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क गाजवून गेलेली, तिचं नाव आपल्यापैकी कुणी ऐकलं होतं? सहाव्या वर्षी फिरत्या कंपनीत दोराला लटकून देवदूत होणारी पोर, पुढे मोठ्या नटीची बदली म्हणून दोन वर्षं नुसती बसून राहिलेली, आणि एका दुपारी त्या नटीचा घसा बसल्यावर तिचाच झगा मागून टाचण्या लावून घालून स्टेजवर गेलेली. दुसऱ्या दिवशी पेपरात हिचंच नाव. लायब्ररीतून रिटायर झाल्यावर मी त्या कात्रणांची एकपात्री लिहिली. तीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकाला विंगेत वही घेऊन बसले, म्हटलं एकदा तरी आपण उजेडात जाऊ.

आणि गेल्या रविवारी आमच्या घरी पहिल्या वाचनाला घसा कुणाचा बसावा, तर माझा. वही तुझ्या हाती दिली. दुसऱ्या भागाआधी आवाज मोकळा वाटला म्हणून मी गरम पाणी मागितलं, पण कुणाला ऐकू गेलं नाही. तू वाचत राहिलीस आणि निधी तुझ्याकडे बघत राहिली. तुझे मोठे दीर म्हणतात, घरातच राहिलं ना. त्यांना काय जातंय म्हणायला.

अजयभावजींना आशीर्वाद. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
सीमावहिनी

*

स्लाऊ
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. सीमावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अजयने आधी वाचलं आणि म्हणाला, हे अभिनंदन आहे की समन्स. मी त्याला किचनमधून बाहेर काढलं.

वहिनी, मी निधीला स्पष्ट सांगितलं होतं की हे वहिनींचं काम आहे, त्यांनाच द्या. ती ब्रिस्टलची मुलगी, तिला आपल्या घरातलं काय माहीत. तिने सांगितलं की लिहिणाऱ्याने लिहावं आणि ज्याच्या आवाजात बसतं त्याने करावं. त्यावर मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं, हे आता तुम्ही म्हणाल.

पण एक खरं सांगते, ते अजयलाही माहीत नाही. गेलं वर्षभर माझे शब्द अडतात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये रोजच्या माणसाचं नाव आठवत नाही, सगळे स्क्रीनवर वाट बघत बसतात. जीपी डॉक्टर म्हणाली, वयाचं आहे, होतं असं. तुम्हाला पानंच्या पानं पाठ असतात, मला देवाची आरतीसुद्धा हल्ली मधेच सुटते. स्टेजवर तसं झालं तर मी पुन्हा कधी उभी राहणार नाही. म्हणून तुम्ही विंगेत हव्यात. प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लाइट्स बघणाऱ्या बाईला मराठीचा गंध नाही, दुसरं कोण वाक्य देणार? तुम्ही असाल तर करते, नाहीतर मी करत नाही, असं निधीला उद्याच कळवते.

भाऊजींना नमस्कार. रागावलात तरी पत्र लिहीत राहा.

तुमची,
चैत्राली

*

कॉव्हेंट्री
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चैत्राली हिस आशीर्वाद.

विंगेत बसते. नाही म्हटलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शनिवारची तालीम पाहिली. झगा घालून वळतेस तेव्हा घाई करतेस. दोराला लटकलेली पोर करताना मान वर हवी. रेल्वेच्या डब्यातला प्रसंग चांगला होतो. हे शेवटचं वाक्य लिहायला मला चहा घ्यावा लागला. तालमीभर माझ्या पोटात दुखत होतं, आणि जेवण तर साधंच होतं.

तू विचारलंस की क्लॅरा आजारपणात तापाने फणफणली असतानाही स्टेजवर का जायची. अगं, बदलीची नटी तयार बसली होती म्हणून. नऊ वर्षं तिने त्या पोरीला तालमीला फिरकू दिलं नाही. स्वतः ज्या दारातून आत आली, ते दार तिला ठाऊक होतं ना. मग शिकागोला बर्फात गाडी अडकली. क्लॅरा पोचली तेव्हा अर्धं नाटक झालेलं, तिच्या जागी ती बदलीची पोर स्टेजवर, आणि क्लॅरा ओल्या कोटानिशी विंगेत उभी राहून बघत राहिली. तिथलं वाक्य तू भराभरा म्हणून टाकतेस. ‘ती माझी वाक्यं म्हणत होती, आणि माझ्याहून बरी म्हणत होती.’ चैत्राली, अख्ख्या वहीत हे एकच वाक्य कुठल्याही कात्रणात नाही. ते मी माझ्या मनाने घातलं आहे. जपून म्हण.

अडलीस तर पहिला शब्द देईन, ऐकू येईल इतपत मोठ्याने. तीस वर्षांत माझ्या विंगेतून कुणी तोंडघशी पडलेलं नाही.

तब्येत सांभाळ. ममता असू द्यावी.

सीमावहिनी

*

स्लाऊ
४ मार्च २०२५

ती. सौ. सीमावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही टाळ्या थांबायच्या आत निघालात. भाऊजी म्हणाले पार्किंग संपत होतं. मी मेकअप पुसून बाहेर आले तर तुमची खुर्ची रिकामी, वर वही ठेवलेली.

फोन थांबत नाहीत. सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात, शिकागोच्या प्रसंगातल्या त्या शांततेबद्दल. अजयने रेकॉर्डिंगवर मोजलं, बेचाळीस सेकंद. पुढच्या रांगेतल्या आजी रडत होत्या म्हणे. निधीला वाटलं मी मुद्दाम थांबले. एप्रिलमध्ये ब्रिस्टलला प्रयोग ठरला आहे आणि तो पॉज अगदी तसाच हवा, असा तिचा हुकूम आहे.

तुम्हाला तर माहीत आहे, मी मुद्दाम थांबले नव्हते. डोक्यात काहीच नव्हतं, पांढरं. मी विंगेकडे पाहिलं. वही तुमच्या मांडीवर उघडी होती, बोट ओळीवर होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि ओठ मिटलेले. मग कुठूनतरी ते वाक्य आपोआप आलं, आणि जसं आलं तसं मला एकदाही तालमीत जमलं नव्हतं.

सगळ्यांना मी सांगते आहे की वहिनींनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून गप्प राहिल्या. तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा. तुमचे आभार कसे मानू?

वाट बघते पत्राची.

तुमची,
चैत्राली

*

कॉव्हेंट्री
९ मार्च २०२५

चि. सौ. चैत्राली हिस आशीर्वाद.

आभार मानू नकोस. चार दिवस तुझं पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं आहे आणि दूध काढताना ते मला दिसतं.

मी विश्वासबिश्वास ठेवला नव्हता. तू अडलीस ते मला तुझ्या आधी कळलं, तुझ्या खांद्यावरून. पहिला शब्द माझ्या जिभेवर होता. एकच शब्द, ‘ती’. तो मी दिला नाही. तुझे शब्द अडतात, तू पुन्हा उभी राहणार नाहीस, हे सगळं तू मला विश्वासाने लिहिलं होतंस, आणि तेच आठवून मी गप्प बसले. पडू दे, असं मनात आलं. सगळ्यांसमोर पडू दे. मग निधीला कळेल की ही वही कुणाची आहे.

आणि तू पडली नाहीस. माझ्या दुष्टपणाला लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याही तुझ्या नावावर जमा झाल्या. ते वाक्य तू माझ्याहून बरं म्हणालीस. बघ, आता हे मला लिहावं लागलं.

लोकांना माझं कौतुक सांगणं बंद कर. ब्रिस्टलला दुसरी कुणी प्रॉम्प्टर बघ. ज्या माणसाने एकदा असं केलं त्याने विंगेत बसू नये. तू बोलणं सोडलंस तरी माझी तक्रार नाही.

सीमा

*

स्लाऊ
१३ मार्च २०२५

ती. सौ. सीमावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. तुमचे ओठ पाहिले तेव्हाच कळलं. विश्वासाचं मी मागाहून जुळवलं, म्हटलं बघू, वहिनी ते घेतात का. तुम्ही घेतलं नाहीत. फार वाईट वाटलं होतं, ते लपवत नाही. प्रयोगाच्या रात्री घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून रडले.

पण आता माझंही ऐका. पाच जानेवारीला, तुमच्या घरी, दुसऱ्या भागाआधी तुम्ही गरम पाणी मागितलंत. मी तुमच्या शेजारीच होते. मला स्वच्छ ऐकू आलं. तुमचा आवाज परत आला होता, हेही कळलं. आणि मी पान उलटून वाचायला लागले. आम्ही स्टेजवर कायम दुसऱ्याची वाक्यं बोलायची आणि तुम्ही मात्र स्वतःची लिहायची, याचा मला किती वर्षं राग आहे, तुम्हाला कल्पना नाही.

निधीला मी काल कळवलं आहे. ब्रिस्टलला क्लॅरा तुम्ही कराल. तिने कुरकुर केली, मी ऐकलं नाही. ते काम मला चांगलं जमलं आहे, ऐकून न ऐकणं. झगा पाठवते आहे. तुम्हाला सैल होईल, मागून टाचण्या लावा.

विंगेत वही घेऊन मी बसेन. गरम पाण्याचा थर्मास माझ्या शेजारी असेल, मागाल तेव्हा मिळेल. मात्र शिकागोच्या प्रसंगात अडलात, तर पहिला शब्द लगेच देईन, असं वचन मागू नका.

माझा नमस्कार पोचला की एक ओळ लिहा.

तुमची,
चैत्राली