माळकऱ्याची वाइन

पिंपळी, ता. बारामती

प्रिय अनिता,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. तुझी नि माझ्या अविराजची फारकत झाली तरी सणासुदीला तुझा फोन येतो. "आबा, बरे आहात ना?" असं तू विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि तेवढ्यावरच फोन ठेवतो. म्हणून लिहायला बसलो.

तू लावलेल्या काळ्या द्राक्षांची वाइन यंदा मी एकट्यानं केली. बाग काढून ऊस लावू म्हणून अविराज हटून बसला होता. माझ्या हयातीत नाही म्हणालो, तर तो पुण्याला निघून गेला. मी तुझ्याच रीतीनं चाललो आहे. बागेला शेणखत नि जीवामृत, बाकी काही नाही. द्राक्षं सालीसकट आंबवली, वरून खमीर नाही की साखर नाही. आंबणं संपत आलं तसं बाटल्या भरून सोड्यासारखी पत्र्याची बुचं ठोकली. राहिलेलं आंबणं आत होऊन फेस धरतो, हे तूच शिकवलंस.

घोडं अडलंय ते चवीवर. परवाना माझ्या नावावर, गळ्यात तुळशीची माळ आणि जन्मात थेंब ओठाला लागलेला नाही. तू होतीस तेव्हा राबणं माझं, चव तुझी. आता गडी म्हणून भिमा आहे, तर तो प्रत्येक पेल्याला "लय भारी, आबा" म्हणतो. परवा मुद्दाम बिघडलेली दिली, तीही लय भारी! शेवटी मीच पेल्याला कान लावून फेस ऐकतो. छबूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "आबा, गळ्यात माळ आन् कान दारूला? इठोबा काय म्हनंल?" मी म्हणालो, "कानानं उपास मोडत न्हाय, बाई."

पण कानाला गोड-आंबट कळत नाही. ते सांगणारं तुझ्याशिवाय कुणी नाही.

उन्हानं बाटल्या फुटायला लागल्यात. विहिरीजवळच्या खोलीत ओली पोती टाकून रोज पाणी मारतो. खोटं कशाला बोलू, बाटली फुटली की नुकसान होतं तरी बरं वाटतं. छबूबाई काम आटपून गेली की घरात दुसरा आवाजच नसतो. दूध उतू गेलं तरी ओरडायला कुणी नाही. फार एकटं वाटतं, पोरी.

मागच्या आठवड्यात इंदापूरच्या बाजारात तुझ्या माहेरची शेजारीण सरुबाई भेटली. तुझं दुसरं लग्न ठरल्याचं तिच्याकडून कळलं. जुन्या सासऱ्याला तू कोणत्या तोंडानं सांगणार, हे मला समजतं. येताना एसटीत मला रडू आलं. आनंदानं का कशानं, ते अजून कळलेलं नाही. तुझे आईवडील गेले, इंदापूरचं घरही भावानं विकलं. लग्न झालेल्या पोरीला जोडीनं जायला एक दार तरी हवं. जावयाला पाटावर बसवीन, तुझी ओटी भरायला छबूबाईला सांगून ठेवलंय. वाइन चाखून खरं काय ते सांग, बिघडली असेल तर ओतून देऊ. पण सासर समजून बिचकत येऊ नकोस. दिवस कळव, तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच येतो.

तुझाच,
आबा